मोहरी किती ठेवू?

आठवीत गेल्यावर मला पहिली फुल पँट शिवली. तोवर हाफ पँट होती, म्हणजे गुडघ्याखालचा चिखल हा अंगाचाच भाग. हौदावर पाय धुतले की तो जायचा, त्याची कुठं नोंद होत नसे. टेलरमामांनी गळ्यातला टेप काढला, माझ्यासमोर उकिडवे बसले, घोट्याशी टेप गुंडाळला आणि मान वर करून विचारलं, "मोहरी किती ठेवू?" मला मोहरी ठाऊक होती ती फोडणीतली. पँटला ती कशाला लागते हे कळेना, पण मोठ्या माणसानं विचारलंय तर उत्तर द्यावं म्हणून मी म्हणालो, "चिमूटभर." मामांच्या ओठात टाचण्या धरलेल्या होत्या. त्या सगळ्या खाली सांडल्या आणि पुढची दहा मिनिटं मी, माझे वडील म्हणजे दादा, आणि मामा असे तिघं जमिनीवर रांगत टाचण्या शोधत होतो.

मोहरी म्हणजे पँटच्या पायाचं खालचं तोंड. ती 14 इंच, 16 इंच अशी मोजतात. पँट शिवताना कमर बघणारे असतात, खिसे बघणारे असतात, मोहरीकडं तेव्हा कुणी बघत नाही. नंतर मात्र तिच्याशिवाय दुसरं काही बघत नाहीत. आमच्या बीड जिल्ह्यात तर पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची मोहरी वाचणारी माणसं आहेत. हा कुठून आला, कशानं आला, फाट्यापासून चालत आला की कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसून, आणि येताना कुणाच्या वावरातून आडवा घुसला, एवढं सगळं ते घोट्याच्या वर नजर न नेता सांगतात. तोंड बघायची त्यांना गरज पडत नाही. तोंडावर काय, माणूस काहीही आणतो.

दादा त्या दिवशी मामांना म्हणाले, "वाढतं अंग हाय. माया चांगली चार बोटं धरा." शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ज्यानं वापरला तो शिंपी होता की संत, की संत नामदेवांसारखा दोन्ही, कोण जाणे. वरून दिसत नाही, पण आत असते, आणि वेळ आली की उसवून खाली सोडता येते. आमचे दादा तोंडानं माया दाखवणाऱ्यातले नव्हते. त्यांची होती नव्हती ती सगळी माझ्या पँटच्या आत चार बोटं दुमडून, वर तुरपाई घालून ठेवलेली होती.

दर जूनला, शाळा उघडायच्या आदल्या रविवारी, आई ब्लेडनं तुरपाई उसवायची आणि त्यातली एखाद-दीड बोट माया सोडायची. अडचण एवढीच की वरची पँट वर्षभराच्या उन्हानं आणि धुण्यानं विटलेली, आणि खाली सोडलेली पट्टी कोरी गडद. दोन्हींच्या मधे, जिथं जुनी कड होती तिथं, एक काळी रेघ. वर्षभर त्या कडेनं जो चिखल पिला होता त्याची ती पावती. ती कोणत्याही साबणानं जात नसे. दहावीला पोचेपर्यंत माझ्या पँटला अशा दोन रेघा झाल्या होत्या. झाडाचं खोड कापून वर्तुळं मोजतात तशी आमच्या वर्गातली पोरं पँटवरून मोजता आली असती. एकाच्या पँटला तीन रेघा होत्या. तो नववीत दोनदा बसला होता. निकालपत्रक त्यानं घरापासून लपवलं होतं, पण रेघ कुठं लपवणार?

दुष्काळी जिल्ह्यात चिखलाचं एवढं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. त्याचंही चूक नाही. आम्ही पर्जन्यछायेतले. सह्याद्री पलीकडच्या बाजूला ढगांची झडती घेतो आणि खिशात राहिलेली चिल्लर इकडं पाठवतो. वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तेही लहर लागली तर. पण चिखल व्हायला पाऊस किती पडला याला महत्त्व नाही, कशावर पडला याला आहे. आमच्याकडं तो काळ्या मातीवर पडतो.

बसाल्टचा काळा खडक झिजून ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. नाव घेताना जीभ जशी अडकते तसाच त्याच्यात पाय अडकतो. हे खनिज पाणी पिलं की फुगतं आणि वाळलं की आकसतं. म्हणून मे महिन्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत तेच रान लोण्यासारखं होतं. तांबड्या मातीचा चिखल उडतो, वाळतो, झटकला की जातो. त्याचं येणं-जाणं पाहुण्यासारखं असतं. काळी माती उडून येत नाही. ती धरते. ओल्या रानात शंभर पावलं चाललं की चपलेखाली दुसरी चप्पल तयार होते, दोनशे पावलांवर तिच्याखाली तिसरी. रानात जाताना साडेपाच फूट असलेला माणूस परत येताना पावणेसहा फूट भरतो. मग बांधावरच्या दगडाला पाय घासायचा, काडीनं खरवडायचं, आणि पुन्हा मूळच्या उंचीवर यायचं. ह्या सगळ्या उस्तवारीत चप्पल साफ होते, पाय साफ होतो, आणि खरवडलेलं सगळं मोहरीवर जमा होतं.

याहून गमतीची गोष्ट अशी की हीच माती कापसाची माती म्हणून जगभर ओळखली जाते. गेवराई-माजलगावकडच्या काळ्या रानात कापूस येतो. बायका तो वेचतात, जिनिंगमधे त्याची सरकी निघते, गठाण बांधून तो कुठल्या कुठल्या गिरण्यांना जातो. तिथं त्याचं सूत होतं, कापड होतं, रंग चढतो, नाव पडतं, आणि पँट होऊन तो पुन्हा आमच्याच बाजारात येतो. आपण तो अंगात चढवून पहिल्या पावसात बांधावर पाय ठेवला की माती त्याला बरोबर ओळखते. "हे तर आमचंच हाय, कुठं नेलतं?" असं म्हणून खाली धरून ओढते. मोहरी झिजते असं लोक म्हणतात. माझं मत वेगळं आहे. माती आपलं येणं वसूल करते, दर पावसाळ्याला चार-दोन धागे. सावकार परवडला, तो निदान अख्खी पँट मागत नाही... किंवा मागतो, पण तो विषय वेगळा.

कापसाला आणखी एक जन्माची खोड आहे. देवापुढच्या समईत त्याची वात करून ठेवली की ती तेल वर ओढते. मोहरी म्हणजे घोट्याभोवती गुंडाळलेली वातच. डबक्यात नुसती टाच बुडाली तरी तासाभरात ओल पोटरीच्या दिशेनं निघालेली असते. वातीचा निदान उजेड पडतो, इथं नुसतं गार लागतं. टेरिकॉट आलं तेव्हा वाटलं होतं, सुटलो. ते पाणी कमी पितं, लवकर वाळतं. पण मोटारसायकलच्या सायलेन्सरला टेकलं की वितळतं, आणि मोहरीला रुपयाएवढं भोक पडतं, कडा मेणासारख्या. सुती पँट पाण्यात जाते, टेरिकॉटची आगीत, एवढाच काय तो फरक.

आणि स्लिपर! स्लिपर ही पायात घालायची गोफण आहे. टाच उचलली की ती मागून फटकन येते आणि चिखलाचा एक थेंब नेम धरून पोटरीवर मारते. शाळेपर्यंत पोचेस्तोवर ठिपक्यांची एक रांग मोहरीपासून निघून मागच्या खिशापर्यंत गेलेली असते. स्वतःला ती कधीच दिसत नाही. पुढून बघणाऱ्याला आपण टापटीप आणि मागून बघणाऱ्याला रांगोळी.

आमच्या आजोबांना, म्हणजे आबांना, यातला कुठलाच प्रश्न नव्हता. ते धोतर नेसायचे. धोतराचं खालचं टोक हे नेसणाऱ्याच्या हातात असतं, यातच सगळं आलं. चिखल आला, सोगा उचलला. ओढा आला, दोन्ही बाजूंनी वर घेऊन कमरेला खोचलं. गावात शिरताना सोडलं की धोतर जसंच्या तसं पांढरं, जसं काही माणूस पालखीतून उतरला. पँट एकदा चढवली की तिचं आणि तुमचं नशीब एक होतं. आषाढीच्या आधी मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून निघून बीडवरून पंढरपूरला जाते. आबा दर्शनाला रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. दर्शन पालखीचं घ्यायचे आणि बारीक नजरेनं बघायचे वारकऱ्यांचे पाय. एकदा मला म्हणाले, "बग, धोतरवाले पंढरपुरात जसेच्या तसे पोचत्यात. पँटवाल्याची पँट मांजरसुंब्याच्या घाटातच शिवणीतून जाती." मग थोडं थांबून, "पांडुरंग बी कामून पँट घालत न्हाई, कळलं का?"

आमच्या गल्लीतले चाचा पायजमा घोट्याच्या वर शिवतात. त्यांच्या दृष्टीनं ती श्रद्धेची बाब. माझ्या दृष्टीनं जुलै महिन्यात हेवा वाटावा अशी.

पण मोहरी वाचवायचा खटाटोप आमच्या घराण्यात कुणी शास्त्रशुद्ध केला असेल तर तो आमच्या चुलत्यांनी, नानांनी. बहात्तरच्या दुष्काळातून गाव नुकतं वर आलं होतं. घरात दाणा बेतानं, विहिरीत पाणी बेतानं, आणि नेमकं तेव्हाच बेलबॉटम आलं, ज्यात बेत म्हणून नव्हता. गुडघ्यापर्यंत तंग आणि तिथून खाली देवळातली घंटा. नानांची कमर 28 इंच होती आणि मोहरीही 28 इंच. आबांनी पँट उलटी धरून विचारलं होतं, "ह्यात पाय कुठून घालायचा?" नाना चालायला लागले की आधी पँट निघायची, मागनं नाना. पायातला बूट दिसता कामा नये असा त्या काळचा नियम होता, म्हणजे मोहरी जमिनीपासून जेमतेम अर्ध्या बोटावर. अशी पँट घालून काळ्या मातीच्या गावात राहायचं म्हणजे झाडू स्वतःच्या पायाला बांधून हिंडण्यासारखं.

त्यावर त्या काळच्या टेलरांनी तोड काढली ती चेनची. पँटच्या पुढं लावतात तीच पितळी चेन, तिची एक बाजू दातांसकट मोहरीच्या कडेनं गोल शिवून टाकायची. कापड जमिनीला लागायच्या आधी पितळ लागेल, झिजेल ते पितळ, असा हिशेब. बेलबॉटमच्या दिवसांत गावोगावच्या शौकीन पोरांनी हे केलं. नानांनी तर ऐपतीबाहेर जाऊन दोन्ही पायांना डबल चेन लावून घेतली. पँटच्या पुढची चेन पुढं बिघडली तेव्हा तिथं त्यांनी टाचणी लावली, पण मोहरीची काढू दिली नाही.

चेनेमुळं मोहरी वाचली, यात वाद नाही. फक्त नाना चालले की आवाज व्हायचा, खर्र, खर्र. ओसरीच्या फरशीवर तर जास्तच. आबा माळ ओढत आत बसलेले असायचे. डोळे न उघडता म्हणायचे, "आला नांगर." चोरून सिनेमाला जायची नानांची सोय त्या चेनेनं कायमची संपवली. रात्री उशिरा ते चोरपावलानं यायचे, चोरपाऊल अगदी हलकं पडायचं, पण चेन ज्येष्ठ-कनिष्ठ काही न बघता सगळ्यांना उठवायची.

चेनचा कळस झाला तो एका लग्नात. नाना वाढपी. हातात वरणाची बादली, पायात बेलबॉटम. पंगतीला बसायला खाली लांब पट्ट्या अंथरल्या होत्या. पंगतीच्या ह्या टोकाला नानांच्या चेनेत पट्टीचा एक दोरा अडकला. नानांना पत्ता नाही. "वरण, वरण" करत ते पुढं निघाले आणि मागं पट्टी उसवत निघाली. लोक जेवत होते, त्यामुळं कुणाचं लक्ष नाही. फक्त बसल्या जागी जरा गार लागायला लागलं एवढंच. नाना त्या टोकाला पोचले तेव्हा शेवटच्या पाहुण्याला वरण मिळालं, पण तो बसला होता मातीवर आणि नानांच्या पायाशी लोकरीच्या गुंड्याएवढा सुतळीचा गोळा जमला होता. मुलीकडच्यांनी पट्टीची भरपाई मागितली. आबांनी ती दिली आणि घरी आल्यावर नानांना म्हणाले, "मोहरी राखायला लोकाची बैठक उसवली."

नानांच्या उलट आमचे गणिताचे सर. त्यांच्या पँटची खालची कड बाहेरून वर दुमडलेली असायची, तीन बोटं, कडक इस्त्रीची. ते तिला शिस्त म्हणायचे. प्रत्यक्षात ती पन्हाळ होती. तिच्यात खडूचे तुकडे, भुईमुगाची टरफलं, एसटीची तिकिटं आणि पावसाळ्यात पाणी साठायचं. फळ्यावर लिहिताना खडू संपला की सर वाकून मोहरीतून नवा काढायचे. साहेबाच्या देशात ह्या दुमडीचा इतका सोस होता की दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, कापड वाचवायला ब्रिटनच्या सरकारला तिच्यावर बंदी घालावी लागली. म्हणजे ज्या वर्षी इकडं गांधीजी इंग्रजांना 'चले जाव' म्हणाले त्याच वर्षी इंग्रज आपल्या पँटच्या दुमडीला 'चले जाव' म्हणत होता. तिकडच्या गृहस्थांनी त्यावर उपाय काढला: पँट मुद्दाम लांब घ्यायची आणि घरी नेऊन गुपचूप दुमडायची. चार बोटं माया धरा म्हणणारे दादा तिथं असते तर त्यांना चार माणसं ओळखीची निघाली असती.

सायकलवाल्यांचं दुःख निराळं. त्यांची फक्त उजवी मोहरी काळी, कारण चेन उजव्या बाजूला. त्याला उपाय म्हणजे जुन्या ट्यूबचं कापलेलं गोल रबर घोट्यावर चढवणं. पुढं मोटारसायकली आल्या तरी आमच्याकडचे काही लोक सवयीनं ते रबर लावूनच हिंडत.

उन्हाळ्यात चिखल नसतो तेव्हा फुफाटा असतो. तो मोहरीतून आत शिरतो, वर जातो आणि संध्याकाळी पँट झटकली की गावाचा नकाशा खाली पडतो. परळीकडच्या लोकांच्या वाट्याला वीजकेंद्राची राख येते. त्यांनी पँटच राखी रंगाची घ्यावी, एवढंच मी सुचवू शकतो.

दिवाळीच्या आसपास चिखल वाळतो, फुफाटा अजून उठायचा असतो, तेव्हा कुठं मोहरीला दोन दिवस विसावा मिळेल असं वाटतं. तेवढ्यात कुसळं तयार होतात. बांधावरून नुसतं गेलं की आघाड्याचं बी, कुसळं, गोखरू असं सगळं काट्याकुसळांचं गणगोत मोहरीला लटकून घरी येतं. आजी म्हणायची, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बगायला कशाला जायचं, आपल्या मोहरीतली येचली तरी जलम जाईल." स्वित्झर्लंडमधला जॉर्ज द मेस्त्राल नावाचा इंजिनिअर 1941 साली कुत्र्याला घेऊन फिरायला गेला. त्याच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना अशाच काटेरी बोंड्या चिकटल्या. त्यानं त्या काढून भिंगाखाली बघितल्या, बारीक आकडे दिसले, आणि त्यातून पुढं बुटांना असते ती चर्र वाजणारी वेल्क्रोची पट्टी काढली. आमच्या आजीनं आयुष्यभरात त्याच्या हजारपट कुसळं वेचली असतील. पण भिंगाखाली बघायच्या आधी ती ज्याच्या पँटला चिकटली त्याच्याकडं बघायची, आणि मग शोध लावण्याइतकं शांत डोकं राहत नसे.

मोहरीनं माझ्या आयुष्यात सर्वांत मोठा हस्तक्षेप केला तो मुलगी बघायला गेलो तेव्हा. श्रावण होता. गाव केजच्या अलीकडं, फाट्यापासून आत. एसटी फाट्यावर सोडून गेली आणि समोर काळ्या मातीची दीड किलोमीटर वाट. दादा म्हणाले, "पँट गुडघ्यापस्तोर दुमड. येशीत शिरलो की सोड." मी तसं केलं. वेशीत शिरलो तेव्हा दादांनी उजवीकडं बघून नमस्कार केला, सोबत आलेल्या माझ्या मामांनी डावीकडं, त्या गडबडीत मी उजवा पाय सोडला आणि डावा विसरलो. तसाच जाऊन ओसरीवर बसलो. एक मोहरी घोट्यावर, एक गुडघ्याखाली.

होणारे सासरे माझ्या तोंडाकडं बघेनात. बराच वेळ त्यांची नजर खालीच. शेवटी म्हणाले, "चिखल वावराचा दिसतोय. सडकंचा न्हाई."

दादा म्हणाले, "व्हय. वावरातलंच लेकरू हाय."

"कोरडवाहू का बागायत?"

दादांनी एकदा माझ्या मोहरीकडं बघितलं आणि म्हणाले, "तुम्हीच बगा की."

सासऱ्यांनी खरंच वाकून बघितलं.

मग मुलगी पोहे घेऊन आली. रीतीप्रमाणं तिची मान खाली. मान खाली म्हटल्यावर दिसणार काय? मी माझ्याकडून चेहरा करता येईल तेवढा हसरा केला होता, भांग दोनदा पाडला होता, आणि ती बघत होती माझ्या दोन निरनिराळ्या मोहऱ्या. लग्नानंतर महिनाभरानं तिनं सांगितलं, "अहो, तुमचं तोंड मी अंतरपाट सरला तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. तोवर मला पँटच ओळखीची होती. एक पाय वर, एक खाली. मला वाटलं, पायात काही असंल बिचाऱ्याच्या." आणि होकार त्याच बिचारेपणावर दिला होता, हे तिनं आणखी दहा वर्षांनी सांगितलं.

नव्या नवरीला घेऊन आम्ही अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला गेलो तेव्हा तिथल्या दासोपंतांच्या पासोडीचा विषय निघाला. सोळाव्या शतकातले हे संतकवी. कागद अपुरा पडला म्हणा की मन मोठं होतं म्हणा, त्यांनी 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहिला तो कापडाच्या भल्या लांब पट्ट्यावर. चाळीसेक फूट लांब म्हणतात. चारशे वर्षांवर काळ लोटला तरी ती पासोडी जपलेली आहे. मी हळहळून म्हणालो, "चारशे वर्षं! आणि माझी पँट चार महिने जात नाही." बायको म्हणाली, "त्या कापडावर त्यांनी लिहिलं. ते घालून फाट्यापासून चालत आले असते तर?" इतकं खरं उत्तर मला तोवर कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

2025 च्या सप्टेंबरात मात्र मोहरीवर बोलायची सोय राहिली नाही. पावसानं वर्षानुवर्षांची उधारी पंधरवड्यात फेडली. सिंदफणा, बिंदुसरा सगळ्या भरून वाहिल्या, पाणी कमरेला आणि काही ठिकाणी छपराला लागलं. रानंच्या रानं खरवडून गेली, खाली नुसता मुरूम उरला. माझ्या ओळखीचा एक शेतकरी भिजलेली पँट दोरीवर टाकताना म्हणाला, "धुऊ नगं म्हनलं हिला. तीन एकरातली तेवढीच माती ऱ्हायलीय." त्यावर कुणाला हसावं हे सुचलं नाही. त्याच महिन्याच्या 17 तारखेला, मराठवाडा मुक्तिदिनाला, बीडला रेल्वे आली. अहिल्यानगरकडं जाणारी ती पहिली गाडी बघायला आम्ही गेलो. कैक वर्षं वाट बघितलेल्या त्या गाडीच्या नव्या कोऱ्या पायरीवर पहिल्यांदा काय चढलं असेल तर काळ्या मातीनं भरलेल्या मोहऱ्या.

आता मुलगा कॉलेजात आहे. तो जीन्स घेतो ती तयार. टेलरमामा गेले, त्यांचा मुलगा दुकानात बसतो. पण शिवायला कुणी येत नाही, येतात ते अल्टर करायला. लांबी कापायची, कड मारायची, तीस रुपये. मी एकदा त्याला म्हटलं, "जरा दोन बोटं माया ठेव की आत." तो म्हणाला, "काका, रेडिमेडला माया नसती." मागच्या दिवाळीला आमच्या मुलानं जी जीन्स आणली तिची मोहरी कंपनीनंच उसवून, धागे लोंबत ठेवून विकली होती. पंचवीसशे रुपये. चिखलानं जे काम तीन पावसाळ्यांत केलं असतं ते आधीच करून मिळत होतं, तर तो आणखी पाचशे द्यायला तयार होता. रात्री माझ्या आईनं चष्मा लावून, काळा दोरा ओवून त्या दोन्ही मोहऱ्यांना बारीक तुरपाई घालून टाकली. सकाळी तो रडवेला झाला. आई म्हणाली, "असू दे रे. पैसे नकू देऊ मला."

जुन्या पँटींचं आमच्या घरी शेवटी एकच होतं: वाकळ. आईनं आबांची धोतरं, आपली लुगडी, माझ्या तीन रंगांच्या, रेघांच्या पँटी, सगळं थराथरांनी घालून ती शिवलेली आहे. पायाच्या बाजूला जाड कापड पाहिजे म्हणून तिथं तिनं नानांचं बेलबॉटम उकलून घातलं. एकेका पायात 28 इंच, एवढं कापड टाकवेना. चेन मात्र तिच्यानं निघाली नाही, किंवा तिनं काढली नाही. थंडीत रात्री पाय लांब केला की घोट्याला गार पितळ लागतं आणि फरशीवर खर्र होतं. बायको झोपेतच कूस बदलते आणि म्हणते, "बघा हो, नाना आले वाटतं."